एक्केचाळिसाव्या रांगेतला गुडघा

माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या घरांची किंमत ठरवावी आणि त्याला स्वतःला बसायला एक धड खुर्ची निवडता येऊ नये, यासारखी नामुष्की नाही. मी, आर्लन होगनेस, मिनेसोटातल्या एल्वा गावच्या काउंटी कचेरीत एकतीस वर्षं घरपट्टीसाठी घरांचं मूल्यमापन करतो आहे. कुणाच्याही पडवीत दोनदा पाय आपटून, खालचं लाकूड किती कुजलंय ते मी सांगू शकतो. असा मी, आणि विमानातल्या एका सीटने माझी काय दशा केली ते सांगितलंच पाहिजे. नाहीतर माझा मित्र ड्वेन रोल्वाग सांगेल, आणि तो तिखटमीठ लावून सांगेल.

आमची मुलगी सिग्ने कोरियात, सोल शहरात शाळामास्तरीण आहे. तिथल्याच सोंग-जे नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. फेब्रुवारीत तिचा फोन आला.

"बाबा, लग्न लागलं ना, की आम्ही दोघं रेशमी कपडे घालून तुम्हा चौघा आईवडिलांना जमिनीला डोकं टेकून नमस्कार करणार. तुम्ही पुढ्यात बुटकं टेबल घेऊन बसायचं. मग तुम्ही आमच्याकडे खजूर आणि चेस्टनटच्या बिया फेकायच्या, त्या आम्ही कापडात झेलायच्या. जितकं झेलू तितकी मुलं होतात म्हणे."

"बसायचं म्हणजे? जमिनीवर?"

"हो, गादीवर. पण तुझा गुडघा आहे ना... मी खुर्ची ठेवायला सांगितलीय. तू खुर्चीवर बसलास तरी चालेल."

'चालेल' या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ मला पाठ आहे. माझ्या वडिलांनी एकदा आईला वाढदिवसाला बर्फ उपसायचं फावडं आणलं होतं. तेव्हा आईही 'चालेल' म्हणाली होती, आणि पुढे अकरा वर्षं ते तिने मनातल्या मनात चालवलं. फोन ठेवल्यावर मी माझ्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. जानेवारीत दारातलं बर्फ काढताना मी घसरलो होतो, आणि डॉक्टरांनी आतली फाटकी कूर्चा कातरून काढली होती. डॉक्टर म्हणाले, "हलता ठेवलास तर मांडी घालून बसशील. तासन्‌तास आखडून ठेवलास तर दगड होईल."

मिनिअ‍ॅपोलिस ते सोल, तेरा तास. आम्ही पोचणार शुक्रवारी, लग्न शनिवारी. माझी उंची सहा फूट चार इंच. म्हणजे माझी मुलगी माझ्यासमोर वाकेल तेव्हा मी बापासारखा बसलेला असेन की भाड्याने आणलेल्या कपाटासारखा खुर्चीवर ताठ, हे सगळं त्या एका सीटवर येऊन ठेपलं होतं. माझी बायको आर्डिस म्हणाली, "मला कुठेही बसव. तुझं तेवढं बघ."

मी विमानाचा नकाशा छापून घेतला आणि कचेरीतल्या पद्धतीने प्रत्येक सीटला श्रेणी दिली. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तो कागद टेबलावर पसरला, हे माझं चुकलं. आमच्याकडे लोक सल्ला देत नाहीत. ते नुसतं, सहज, आपलं म्हणून बोलतात.

"मी काही फार उडलेलो नाही," एकदाच हवाई बेटांवर जाऊन आलेला ड्वेन म्हणाला, "पण संकटकाळच्या दाराजवळची सीट घे. पाय पसरून झोपता येतं. अर्थात तुझा पाय, तुझी मर्जी."

"शौचालयाजवळची वाईट नसते हं," शेजारीण व्हर्ना क्वाम म्हणाली. "या वयात चालणं कमी पडतं."

"शेपटीकडची माणसं वाचतात म्हणे," पास्टर लुंडे म्हणाले, आणि कॉफीत बघत राहिले. पास्टरांनी मरणाचा विषय काढला की त्यापुढे कुणी बोलत नाही.

व्हर्नाने लिंबाच्या वड्यांची बशी पुढे केली. मी नको म्हणालो. तिने पुन्हा पुढे केली. मी "अगं, उगाच कशाला" म्हणालो. तिसऱ्यांदा आली तेव्हा "बरं, तू म्हणतेसच तर" म्हणून घेतली. दोनदा नको आणि तिसऱ्यांदा हो, हे आम्हाला बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबरच मिळतं. बशीतली शेवटची वडी मात्र कुणी घेत नाही. तिची अर्धी घेतात, मग त्या अर्धीची अर्धी. आम्ही घरी निघालो तेव्हा बशीत टपाल तिकिटाएवढा तुकडा मानाने बसला होता.

ड्वेनला कल्पना सुचली की निवडीआधी सराव हवा. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला तो ज्या खोपटात बसतो, त्यातली दोन बाकं त्याने माझ्या गॅरेजमध्ये आणली आणि टेपने मोजून, बरोबर एकतीस इंचांवर एकामागे एक ठेवली. विमानात तेवढीच जागा असते. एप्रिलची छान हवा होती, बर्फ नुसतं कडेकडेला उरलं होतं, म्हणून दार उघडं ठेवलं. मी मागच्या बाकावर बसलो, गुडघे पुढच्या बाकाच्या पाठीला टेकवले, आणि घड्याळ लावलं.

तासाभरात व्हर्ना आली.

"आज वारा बरा आहे."

"हो, बराच आहे."

"काल जास्त होता."

"होता खरा."

वीस मिनिटं आम्ही वाऱ्यावर बोललो. मग तिने वर खरपूस बटाटे लावलेली हॉटडिश, आमच्याकडे दुःखाच्या घरी नेतात ती, फळीवर ठेवली, "काही लागलं तर आम्ही आहोत" म्हणाली आणि डोळे पुसत गेली. मला काही कळेना. तिसऱ्या तासाला पास्टर लुंडे आले. त्यांनी पालथी बादली ओढून घेतली.

"आर्लन, संसार म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकणं."

"सरकायला जागाच नाहीये हो, पास्टर."

पास्टरांनी डोळे मिटून माझ्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत फळीवर तीन हॉटडिश जमल्या होत्या. आर्डिस दुकानातून परतली ती लालबुंद होऊन.

"मी तुला घराबाहेर काढलंय, हे तुला माहीत आहे का? मर्टल हेगनं भाजीच्या दुकानात माझा हात धरला आणि म्हणाली, खंबीर राहा. सदतीस वर्षांत मी तुला साधं फुंकर मारून उठवलं नाही, आणि आता मी कैदाशीण!"

"मग सांगायचं ना तिला, की विमानाचा सराव चाललाय."

"सांगितलं. म्हणाली, डोक्यावर परिणाम झालाय वाटतं बिचाऱ्याच्या."

मी ताडकन उठायला गेलो, आणि उठलोच नाही. गुडघा खरोखर दगड झाला होता. बाकं न्यायला आलेल्या ड्वेनने काखेत हात घालून आणि आर्डिसने पाय धरून मला बाहेर ओढलं, तेव्हा समोरच्या घराचे पडदे हलत होते. चार तासांत ही गत. तेरा तासांनी मला सोलच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरच सोडावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी विमान कंपनीला फोन लावला. पन्नास मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"संकटकाळच्या दाराजवळची सीट आहे, सर. पण वेळ पडली तर तुम्हाला दार उघडून लोकांना मदत करावी लागेल. शारीरिक त्रास काही?"

इथे दुसरा कुणी 'नाही' म्हणाला असता. पण मी ज्या घरात वाढलो तिथे खोटं बोलल्यावर कुणी रागवायचं नाही, नुसतं जेवणं व्हायची, चमच्यांचा आवाज न करता. मी म्हणालो, "गुडघा जरा..."

"मग ती सीट देता येणार नाही. तुमचा गुडघा वाकत नाही असं डॉक्टरांचं पत्र पाठवा, म्हणजे ऐसपैस जागेचा विचार करू."

डॉक्टर चिडलेच. "वाकत नाही? मी शस्त्रक्रिया केलेला गुडघा वाकत नाही असं मी लिहून देऊ?" त्यांनी मला पलंगावर आडवं करून गुडघा दोनदा वाकवला आणि रागारागाने लिहिलं: गुडघा उत्तम वाकतो. हातात पत्र आलंच आहे तर पाठवावं, म्हणून मी ते पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं की आपला गुडघा उत्तम वाकतो याचा आनंद आहे, तरी विशेष सीटची आवश्यकता दिसत नाही. मी तेच पत्र जोडून दाराजवळची सीट मागितली. त्यावर उत्तर आलं, आपल्या गुडघ्याला त्रास असल्याची आमच्याकडे नोंद आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकाच कंपनीत माझा एकच गुडघा एका टेबलावर धडधाकट होता आणि दुसऱ्या टेबलावर अपंग. माझ्या कचेरीत लोक इतके दिवस का ओरडत असत, ते मला त्या दिवशी थोडंसं कळलं.

या पत्रव्यवहारात पाय पसरायच्या सगळ्या सीटा विकल्या गेल्या. उरली शेवटची युक्ती. मागे, स्वयंपाकाच्या कोपऱ्यालगतच्या एक्केचाळिसाव्या रांगेत आम्ही आर्डिसला खिडकी घेतली आणि मला रस्त्याकडेची, म्हणजे उजवा पाय बाहेर काढता येईल अशी. मधली मोकळी सोडली. शौचालयाशेजारची, दोन अनोळखी माणसांमधली सीट जगात कोण घेणार? रोज सकाळी नाश्त्याला मी नकाशा उघडायचो. मधली सीट मोकळीच! सलग पाच आठवडे मी ती मोकळी सीट बघत ओट खाल्ले. इतकं सुख मला कशातच मिळालं नव्हतं.

जायच्या दिवशी विमानतळावर, विमानात चढायला अर्धा तास असताना माझं नाव पुकारलं गेलं. काउंटरवर एक चटपटीत बाई होती. तिच्या बोलण्याच्या वेगावरून ती आमच्याकडची नव्हती, पूर्वेकडच्या किनाऱ्यावरची असावी.

"होगनेस? अरे बापरे, किती उंच तुम्ही! हे बघा, एक प्रवासी आलाच नाही. अगदी पुढच्या भिंतीपाशी सीट मोकळी झालीय, समोर कुणी नाही, पाय पसरा हवे तेवढे. देऊ तुम्हाला?"

देवाने आकाश फाडून सीट खाली टाकली होती. आणि मी, आर्लन होगनेस, तोंड भरून हसलो आणि म्हणालो, "नको नको, माझं काय, मी कुठेही मावेन. कुणा गरजवंताला द्या."

"ठीक आहे!" बाई म्हणाली, आणि पुढचं नाव पुकारलं.

मी तिथेच उभा राहिलो. दुसऱ्यांदा विचारायला माणसाला जरा वेळ द्यायला हवा. मी घसा खाकरला. हवेबद्दलही बोललो. तेवढ्यात पाच फूट उंचीच्या एका गृहस्थाने येऊन "हो, हो, द्या!" म्हणून सीट खिशात घातली. पहिल्या विचारण्याला! ना लाज ना संकोच.

मी परत येऊन आर्डिसला सांगितलं.

"एकदाच विचारलं तिनं," मी म्हणालो.

"एकदाच?"

"एकदाच."

"काय माणसं असतात एकेक," आर्डिस म्हणाली. यासाठीच मी तिच्याशी लग्न केलं. पण तिने तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि तिच्या मनात सिग्नेच्या लग्नातली ती खुर्ची आली असणार. माझ्याही मनात तीच होती. अगदी पुढे ठेवलेली, सगळ्यांना दिसेल अशी.

विमानात एक्केचाळिसाव्या रांगेत मधल्या सीटवर एक म्हातारी बसलेली होती.

मूठभर बाई. पांढरे कुरळे केस, पायांशी केवढं तरी गाठोडं. तिचं नाव ग्वाक. मुलगा आमच्याच सेंट पॉल शहरात असतो, दरवर्षी काही महिने ती त्याच्याकडे राहते, आणि चार-चार शब्दांचं इंग्रजी बोलते. आर्डिसने तिला खिडकी देऊ केली.

"नको," आजी म्हणाल्या.

"घ्या ना, बाहेरचं दिसेल."

"नको."

आर्डिसने, रीतीप्रमाणे, तिसऱ्यांदा विचारलं आणि उठायलाही लागली.

"नको. मधे छान. दोन्हीकडे माणसं."

आम्ही दोघं थक्क. तिसऱ्यांदाही नको म्हणणारं माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. त्यांना ती सीट खरंच नको होती आणि त्या तसं बोलल्या होत्या, एवढंच. मग हवाईसुंदरीने चहा विचारला. आजी म्हणाल्या, "हो." बिस्कीट? "हो." अजून एक? "दोन."

दोन तासांनी त्यांनी गाठोडं सोडलं आणि उकडलेलं अंडं माझ्यापुढे धरलं. मी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. अंडं सोललं आणि माझ्या हातात कोंबलं. मागोमाग भाताची गुंडाळी, मागोमाग संत्रं. आर्डिसने तिच्या लिंबाच्या वड्या काढल्या. त्या खाता खाता शेवटची उरली, तेव्हा आर्डिसने अर्धी घेतली, मी अर्ध्याची अर्धी, आर्डिसने पुन्हा त्याची अर्धी. आजी आमच्याकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी तो कण उचलला, तोंडात टाकला, आणि खो खो हसत सुटल्या.

चौथ्या तासाला खाण्याची गाडी माझ्या रस्त्यात आलेल्या गुडघ्यावर आदळली.

मी "काही नाही, काही नाही" म्हणत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आर्डिसचा धीर सुटला. तिने फोनवरचा सिग्नेचा रेशमी कपड्यांतला फोटो आजींना दाखवला आणि गुडघा, नमस्कार, गादी, खुर्ची सगळं सांगून टाकलं. तिने परक्या माणसाला घरातली गोष्ट सांगितल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

आजींनी माझ्याकडे वर पाहिलं. "मुलगी नमस्कार करणार. तू खुर्चीवर?"

"चालेल म्हणालीय ती," मी म्हणालो.

"चालणार नाही," आजी म्हणाल्या. "ऊठ."

आमच्या मागेच, स्वयंपाकाच्या कोपऱ्यासमोर थोडी मोकळी जागा होती. आजींनी तिथे पांघरूण टाकलं आणि मला खाली बसायला लावलं. हवाईसुंदरी धावत आली, "आजी, इथे बसता येत नाही." आजी कोरियन भाषेत दोनच वाक्यं बोलल्या. पोरीने कमरेत वाकून माफी मागितली आणि आणखी एक पांघरूण आणून दिलं. विमान कंपनीशी झालेल्या माझ्या पत्रव्यवहारात आजी असत्या तर, असं माझ्या मनात येऊन गेलं.

आधी पाय लांब. मग डावा आत. मग उजवा, जाईल तेवढाच. आजी गुडघ्याभोवती अंगठ्याने चोळायच्या, ओरडायच्या, आणि दहा मिनिटांनी जागेवर पाठवायच्या. दर तासाला पुन्हा "ऊठ". हादरे बसायला लागले की पट्टा बांधून बसायचं, हादरे थांबले की पुन्हा शाळा. शौचालयाच्या रांगेतले लोक सल्ले द्यायला लागले. कॅनडाच्या एका लाकूडतोड्याने स्वतः मांडी घालून दाखवली, ती आम्हा दोघांना मिळून सोडवावी लागली. आर्डिस इतकी हसली की तिला उचकी लागली. पुढच्या सीटवाला पाच फुटी गृहस्थही एकदा आला, अगदी चोळामोळा होऊन.

"दोन्ही बाजूंना तान्ही बाळं आहेत हो. आळीपाळीनं रडतात. तुम्हाला हवी का ती सीट?"

"नको," मी जमिनीवरूनच म्हणालो. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि मीही त्याची वाट पाहिली नाही. पुढे कुठेतरी मला एवढी जमीन थोडीच मिळाली असती?

सोलला उतरताना आजींनी उरलेली चार अंडी आर्डिसच्या पिशवीत टाकली, माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. मी चालत बाहेर आलो. जरा लंगडत, पण माझ्या पायांनी.

शनिवारी लग्न लागलं. मग छोट्या खोलीत बुटकं टेबल मांडलं गेलं, त्यावर खजुरांचा आणि चेस्टनटांचा ढीग. सोंग-जेचे आईवडील, होंगसाहेब आणि त्यांच्या बाई, टेबलामागे अलगद बसले. त्यांच्या शेजारी दोन गाद्या, आणि एका गादीच्या मागे ती खुर्ची. सिग्ने लाल-हिरव्या रेशमात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, खुर्ची घे ना."

"नको," मी म्हणालो.

"अरे, कुणाला काही वाटणार नाही इथे."

"नको."

ती आमचीच मुलगी. ती थांबली, मान तिरकी केली, आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू विचारलं, "घेतोस ना रे, बाबा?" सोंग-जेने खुर्ची पुढे सरकवायला हात घातलाही होता.

"नको," मी म्हणालो, आणि खाली बसलो. आधी पाय लांब, मग डावा आत, मग उजवा, जाईल तेवढाच. गेला!

होगनेसांच्या घराण्यात आजवर कुणी तिसऱ्यांदा नको म्हटलेलं नाही. सिग्नेला ते कळलं. तिने ओठ दाबून धरले, पण ती वाकली तेव्हा तिचे खांदे हलत होते, आणि वर आली तेव्हा काजळ गालावर उतरलेलं होतं. मी दोन्ही हातांनी खजूर फेकले. इतके फेकले की एक होंगसाहेबांच्या चष्म्यावर बसला. मला इतका आनंद झाला होता की दिशेचं भान राहिलं नाही, हे मी कबूल करतो.

मग सगळे उठले. मी बसूनच राहिलो. आजींनी मला बसायचं शिकवलं होतं. उठायचं शिकवायच्या आत विमान उतरलं होतं. मी टेबलाला धरून बघितलं, आर्डिसने काखेत हात घालून बघितला, फोटोवाला कॅमेरा खाली ठेवून तसाच उभा राहिला. तेवढ्यात होंगसाहेब चष्मा पुसत समोर आले, वाकले, आणि मला हात देऊ केला. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी एकदाच विचारलं.

मी लगेच त्यांचा हात धरला.